रिव्हॉल्व्हर की पिस्तूल : शेवगावच्या वाटेने एक मागोवा

स्वसंरक्षणासाठी रिव्हॉल्व्हर घ्यावे की पिस्तूल, हा प्रश्न महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात यंत्राच्या गुणदोषांवरून क्वचितच सुटला. कायदा कोणत्या बोअरला परवानगी देतो, दुकानात काय मिळते आणि काडतुसे कुठून येतात, यांवरच तो बहुतेक वेळा ठरत गेला. अहिल्यानगर जिल्ह्यातील शेवगावसारख्या तालुक्याकडे पाहिले की हा क्रम विशेष स्पष्ट दिसतो. गोदावरीकाठची काळी जमीन, उसाचे फड, गावापासून दूर शेतात वसलेल्या वस्त्या आणि साठ-पासष्ट किलोमीटरवर नगरचे जिल्हाधिकारी कार्यालय, या चौकटीतच इथला परवानाधारक आपले शस्त्र निवडत आला आहे.

१८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रबंदीचा कायदा झाला. युरोपियनांना त्यातून सूट मिळाली आणि हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना लागू झाला. शेवगाव तेव्हा मुंबई इलाख्याच्या अगदी कडेला होते. नदीपलीकडचे पैठण आणि पूर्वेकडचा बीड जिल्हा निजामाच्या राज्यात. या सरहद्दीवर शस्त्रे इकडून तिकडे जाणे हा सरकारच्या दृष्टीने कायमचा संशयाचा विषय होता. खेड्यात परवाना मिळे तो मुख्यतः पिकाच्या राखणीसाठी, आणि त्यावर घरात येई ती ठासणीची किंवा पुढे बारा बोअरची बंदूक. छोटे शस्त्र अधिकारी, जहागीरदार आणि संस्थानिकांच्या कमरेला असे, आणि तेही बहुधा रिव्हॉल्व्हरच.

यामागे काळाचा हिशेब होता. सॅम्युअल कोल्टने रिव्हॉल्व्हरचे पेटंट १८३६ मध्ये घेतले होते. ब्रिटिश सैन्याने १८८७ मध्ये वेब्लीचे रिव्हॉल्व्हर स्वीकारले आणि तीच घडण पुढे हिंदुस्थानातील पोलिसांच्या हाती आली. आपोआप पुढची गोळी भरणारे पिस्तूल मात्र विसाव्या शतकाच्या तोंडावर बाजारात आले. जॉन ब्राउनिंगने आखलेले आणि बेल्जियमच्या एफएन कारखान्याने बनवलेले ७.६५ मिलिमीटरचे पिस्तूल हे त्यातले पहिले मोठे यश. महाराष्ट्राच्या इतिहासात ते लवकरच शिरले. १९०९ च्या सुरुवातीला लंडनच्या इंडिया हाउसमधील स्वयंपाकी चतुर्भुज अमीन याच्या पेटीच्या चोरकप्प्यातून सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुले धाडली, आणि २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी त्यांपैकीच एक रोखले. चपटे असल्यामुळे ही पिस्तुले पेटीच्या तळात लपली. फुगीर चक्राची वीस रिव्हॉल्व्हरे तशी लपवणे अवघड गेले असते. पिस्तुलाचा हा चपटेपणा पुढच्या शंभर वर्षांत पुन्हा पुन्हा निर्णायक ठरलेला दिसतो, फक्त त्याचा लाभ परवानाधारकापेक्षा इतरांनीच अधिक घेतला.

लहान शस्त्राच्या गोळीवर किती भिस्त ठेवावी, याचे उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. २२ जुलै १९३१ रोजी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात वासुदेव बळवंत गोगटे यांनी हंगामी गव्हर्नर हॉटसनवर अगदी जवळून गोळ्या झाडल्या. हॉटसन वाचला, कारण एक गोळी त्याच्या खिशातल्या टिपणवहीच्या धातूच्या बटणावर अडली.

स्वातंत्र्यानंतरचा शस्त्र कायदा १९५९ चा. तो आणि त्याचे नियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आले. मालमत्ता पुरेशी नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असे या कायद्याने स्पष्ट म्हटले. कागदावर तरी जहागीरदार आणि कुणबी एका रांगेत आले. पण निवडीच्या दृष्टीने खरा परिणाम केला तो नियमांना जोडलेल्या वर्गवारीने. सैन्य आणि पोलीस वापरतात ती काडतुसे, म्हणजे .३८० आणि .४५५ ची रिमवाली, तसेच ९ मिलिमीटर व .४५ ची, ज्या शस्त्रात बसतील ते शस्त्र ‘निषिद्ध बोअर’ ठरले. जिल्हाधिकाऱ्याच्या अधिकारात उरले ते प्रामुख्याने .३२ चे रिव्हॉल्व्हर आणि ७.६५ चे, म्हणजे .३२ चेच, पिस्तूल. जगभरच्या चर्चेत पिस्तुलाच्या बाजूने सांगितला जाणारा पहिला मुद्दा ताकदवान काडतूस आणि मोठे मॅगझीन हा असतो. भारतीय परवानाधारकाच्या बाबतीत त्यातला काडतुसाचा अर्धा भाग इथेच गळून पडला. दोन्ही .३२ काडतुसांची ऊर्जा जवळपास सारखी, आणि ९ मिलिमीटरच्या निम्म्याहूनही कमी. उरला फरक सहा गोळ्या की आठ, एवढाच.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यात खासगी विक्रीसाठी होणारी शस्त्रांची आयात थांबली. जुन्या वेब्ली, कोल्ट, स्मिथ अँड वेसन यांच्या किमती चढत गेल्या आणि नव्या खरेदीदाराला सरकारी आयुध कारखान्यांकडे वळावे लागले. रिव्हॉल्व्हर कानपूरचे, पिस्तूल पश्चिम बंगालमधल्या इशापूरचे, हे समीकरण त्या काळात पक्के झाले. कानपूरचे .३२ रिव्हॉल्व्हर म्हणजे जुन्या वेब्लीच्या घडणीचा वारसा. खटका दाबला की नळी पुढे झुकते, चक्र उघडे पडते आणि सहाही पुंगळ्या एकदम वर उचलल्या जातात. इशापूरचे पिस्तूल ब्राउनिंगच्या घराण्यातले, मुठीत मॅगझीन आणि वर मागे-पुढे सरकणारी स्लाइड. महाराष्ट्राचा वाटा काडतुसात आहे. .३२ च्या काडतुसाच्या बुडावर कोरलेली ‘केएफ’ ही अक्षरे पुण्याच्या खडकी कारखान्याची. हा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे.

परवान्याची फाइल शेवगाव पोलीस ठाण्यातून उपविभागीय अधिकाऱ्यांकडे आणि तिथून नगरला जाते. ती पार पडल्यावर शेवगावच्या खरेदीदाराने बहुधा रिव्हॉल्व्हर का घ्यावे, याचे उत्तर शस्त्र प्रत्यक्षात कसे वापरले जाते यात आहे, किंवा खरे तर कसे वापरले जात नाही यात. ग्रामीण परवानाधारकाचे शस्त्र वर्षानुवर्षे कपाटात असते. तालुक्याच्या गावी सरावाला रेंज नसते, काडतुसे महाग असतात आणि त्यांचा हिशेब द्यावा लागतो. त्यामुळे पाच-सात वर्षांपूर्वी घेतलेलीच काडतुसे चक्रात बसून राहतात. असे जुने काडतूस ऐन वेळी फुटले नाही, तर रिव्हॉल्व्हर धरणाऱ्याने चाप पुन्हा ओढायचा. चक्र फिरते आणि पुढचे काडतूस घोड्यासमोर येते. पिस्तुलात तेच घडले तर दुसऱ्या हाताने स्लाइड मागे खेचून निकामी काडतूस बाहेर काढावे लागते. हातांना सवय असेल तर हे काम सेकंदाचे. अंधारात, घाबरलेल्या आणि कधी सराव न केलेल्या माणसाला तेवढाही वेळ मिळेलच असे नाही.

.३२ च्या पिस्तुलाला आणखी एक खोड आहे. त्याच्या काडतुसाच्या बुडाची कड किंचित बाहेर आलेली असते. मॅगझीनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे अडकली की भरणे तिथेच थांबते. मनगट सैल पडले तर स्लाइड पुरती मागे जात नाही आणि मोकळी पुंगळी खिडकीत अडकून राहते. त्यात धूळ, वंगण वाळून झालेला चिकटा आणि पावसाळ्यातला गंज. यांपैकी काहीही रिव्हॉल्व्हरला मानवते असे नाही, पण दुर्लक्ष सोसण्याची त्याची ताकद अधिक आहे. रिव्हॉल्व्हर भरलेले आहे की नाही, हे ते उघडताच दिसते. पिस्तुलातून मॅगझीन काढले तरी नळीत एक काडतूस राहू शकते, आणि साफसफाई करताना चुकून गोळी सुटण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

तरीही रिव्हॉल्व्हरची बाजू एकतर्फी नाही. घोडा न चढवता थेट चाप ओढायचा तर बोटाला चांगलाच जोर लावावा लागतो, आणि त्या ओढीत नळी हलून नेम बिघडतो. घोडा अंगठ्याने आधी चढवला तर चाप हलका होतो, पण मग थरथरत्या बोटाने गोळी नकळत सुटण्याचा धोका वाढतो. सहा गोळ्या संपल्यावर एकेक काडतूस चक्रात बसवणे हे सरावलेल्या माणसालाही जिकिरीचे. नियमित सराव करणारा, शस्त्र उघडून पुसणारा आणि ते रोज अंगावर बाळगणारा माणूस पिस्तूल निवडतो, आणि त्याच्यासाठी ते बरोबर असते. जगभरच्या पोलीस दलांनीही याच कारणाने वाट बदलली. १९८६ च्या मायामी चकमकीनंतर अमेरिकेच्या एफबीआयला रिव्हॉल्व्हर अपुरे वाटू लागले, आणि न्यूयॉर्कच्या पोलिसांना १९९३ पासून पिस्तूल वापरण्याची मुभा मिळाली. या दलांकडे रेंज होत्या आणि सराव सक्तीचा होता. त्यांचा निष्कर्ष वस्तीवरच्या कपाटाला जसाच्या तसा लागू करण्याची चूक मात्र खरेदीदार हौसेने करतात.

जानेवारी २००१ मध्ये शेजारच्या पाथर्डी तालुक्यातील कोठेवाडीवर पडलेल्या दरोड्याने आणि तिथल्या अत्याचारांनी जिल्हा हादरला. शेतवस्त्यांवरचे दरोडे हा या पट्ट्यातला जुना धसका. कोठेवाडीनंतर तो घरोघर बोलला जाऊ लागला. पण अशा हल्ल्यात पहिले मिनिट निर्णायक असते. दार फुटते तेव्हा घरचे झोपेत असतात आणि शस्त्र कुलपात असते. तिथे रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल यांतला फरक दुय्यम ठरतो. भुंकणारे कुत्रे, अंगणातला दिवा आणि एका फोनवर आसपासच्या शेकडो मोबाइलना जागे करणारी ग्रामसुरक्षा यंत्रणा यांचा उपयोग अधिक झालेला दिसतो. उसातल्या बिबट्याचे कारण परवान्याच्या अर्जात हल्ली ऐकू येते, तेही .३२ च्या आवाक्याबाहेरचे आहे. जखमी बिबट्या हा न दुखावलेल्या बिबट्याहून कितीतरी धोकादायक.

याच काळात बेकायदा बाजाराने उलटी निवड केली. मध्य प्रदेशातील बडवानी जिल्ह्यातल्या उमर्टीचे नाव नगर पोलिसांच्या तपासात वारंवार आले आहे. तिकडून येणारा ‘गावठी कट्टा’ पूर्वी एकनळी, एका गोळीचा असे. आता त्या नावाखाली जप्त होतात ती बहुधा मॅगझीनवाली पिस्तुले. कारण उघड आहे : ती पँटमध्ये खोचता येतात आणि सिनेमातल्यासारखी दिसतात. पण ज्या यंत्राला अचूक मापांची सर्वाधिक गरज, तेच इथे कानशीने घासून बनते. नळीचे पोलाद दाब सोसेल याची खात्री नसते, आणि फुटलेली नळी आधी धरणाऱ्याचाच हात नेते. ‘स्वसंरक्षणासाठी घेतला’ हा बचाव न्यायालयात टिकत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना साध्या बोअरचे शस्त्र बाळगण्याची शिक्षा दोन ते पाच वर्षे आहे.

गेल्या दशकभरात परवानाधारकाची निवड थोडी रुंदावली. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरने ‘निर्भीक’ हे सुमारे ५०० ग्रॅमचे .३२ रिव्हॉल्व्हर स्त्रियांसाठी म्हणून आणले. किंमत सव्वा लाखाच्या घरात. हलके शस्त्र पर्समध्ये मावते खरे, पण हलकेपणामुळे झटका अधिक बसतो, ही गोष्ट जाहिरातीत मागे पडली. २०१६ च्या नियमांनी परवान्यासाठी शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण आवश्यक केले आणि खासगी उत्पादनाची वाट मोकळी केली. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध कारखान्यांच्या कंपन्या झाल्या, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांपैकी एकीने ‘प्रबल’ बाजारात आणले. या रिव्हॉल्व्हरचे चक्र बाजूला उघडते, वजन ६७५ ग्रॅम, आणि कंपनीचा दावा ५० मीटर पल्ल्याचा आहे. घरातील चकमक पाच-सात पावलांवर होते हे लक्षात घेतले, तर पल्ल्यापेक्षा त्याचा बाजूने उघडणारा सांधाच अधिक कामाचा. तो नळी मोडून उघडणाऱ्या घडणीपेक्षा मजबूत राहतो.

डिसेंबर २०१९ च्या त्याच दुरुस्तीने एका परवानाधारकाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवली, आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर नेली. आजोबांची बारा बोअर, वडिलांचे रिव्हॉल्व्हर आणि नव्याने घेतलेले पिस्तूल अशी तीन शस्त्रे असलेल्यांना एक वर्षाच्या आत एक जमा करणे भाग पडले. १ जुलै २०२४ पासून खासगी बचावाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. धोक्याला पुरेल एवढाच बळाचा वापर, हे त्याचे माप कोणत्याही शस्त्राला सारखेच लागू होते. निवडणुकीची आचारसंहिता लागली की छाननी समिती ठरवेल त्या परवानाधारकांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. लोकसभा आणि विधानसभा मिळून २०२४ मध्ये शेवगाव-पाथर्डी मतदारसंघावर ही वेळ दोनदा आली. आचारसंहिता उठेपर्यंत शस्त्र ठाण्यात राहते आणि त्या काळात परवानाधारकाच्या घरी त्याची पावती असते.