यादीत नसलेला संगणक

सनदी लेखापालाची, वकिलाची किंवा एखाद्या लहानशा पतसंस्थेची कचेरी घेतली, तर तीत पाच-सात संगणक, एक प्रिंटर आणि भिंतीवर टांगलेला राउटर एवढाच सरंजाम असतो. पण जमाखर्चाचे मूळ दप्तर ज्या एका संगणकात ठेवलेले असते, तोच संगणक एखाद्या सकाळी इतरांच्या ‘नेटवर्क’ या खिडकीतून नाहीसा झाला, की विवरणपत्रांच्या ऐन मुदतीत साऱ्या कचेरीचे काम खोळंबते. अशा वेळी सर्व यंत्रे बंद करून पुन्हा चालू करणे, केबली उपसून पुन्हा खोचणे, आणि त्यानेही भागले नाही तर फायरवॉल सरसकट बंद करून टाकणे, हा क्रम बहुतेक ठिकाणी ठरून गेलेला आहे. त्यातल्या पहिल्या उपायाने कधी गुण येतो, पण तो का आला हे कळत नाही. शेवटचा उपाय मात्र मूळ तक्रारीपेक्षा अधिक अनर्थकारक होय.

त्या खिडकीतील यादी कोण तयार करतो आणि कशाच्या आधारावर, हे ध्यानी घेतल्यावाचून या तपासाला दिशा मिळत नाही. या व्यवस्थेचा उगम १९८३ साली सायटेक या कंपनीने आयबीएमच्या नेटवर्कसाठी रचलेल्या ‘नेटबायॉस’मध्ये आहे. तिच्यात नावांची नोंद ठेवणारे मध्यवर्ती दफ्तर असणे आवश्यक नव्हते. प्रत्येक संगणकाने सुरू होताच आपले पंधरा अक्षरांपर्यंतचे नाव सर्वांना उद्देशून पुकारावे, कोणी हरकत घेतली नाही तर ते नाव त्याचे झाले असे समजावे, इतकाच तो साधा नियम होता. पुढे विंडोजने त्यावर यादीची सोय बसवली. गटातील संगणक आपसांत निवडणूक घेऊन एकाला यादीचा मुखत्यार नेमीत, बाकीचे दर १२ मिनिटांनी त्याच्याकडे आपली हजेरी कळवीत, आणि लागोपाठ तीन हजेऱ्या चुकल्या म्हणजेच गैरहजर संगणकाचे नाव खोडले जाई. मुखत्याराचे साहाय्यक दर १५ मिनिटांनी यादीची नक्कल घेत. त्यामुळे बंद पडलेला संगणक ५१ मिनिटांपर्यंत यादीत दिसत राही, आणि नुकताच चालू झालेला संगणक जुन्या नकलेत सापडत नसे. म्हणजे ही यादी त्या क्षणीच्या वस्तुस्थितीची कधीच नव्हती. ती ऐकीव माहितीवर लिहिलेली होती. यादीत नाव नाही एवढ्यावरून संगणक पोहोचण्याजोगा नाही असा निष्कर्ष काढणे, हाच या प्रकरणातील बहुतेक घोटाळ्यांचा आरंभ आहे.

२०१७ साली या जुन्या व्यवस्थेचा पायाच काढून घेण्यात आला. मे महिन्यातील ‘वॉनाक्राय’ आणि जून महिन्यातील ‘नॉटपेट्या’ या दोन्ही उपद्रवी प्रणाली फाईलींच्या देवाणघेवाणीच्या ‘एसएमबी-१’ या जुन्या पद्धतीतील दोषाचा फायदा घेऊन एका संगणकातून दुसऱ्यात शिरल्या; नॉटपेट्याने तर न्हावा-शेव्याच्या बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज ठप्प केले होते. त्याच वर्षीच्या शरदातील विंडोज १० च्या आवृत्तीपासून, इतरांना फाईली पुरवणारा एसएमबी-१ चा भाग नव्या प्रतींत बसवला जाईनासा झाला, आणि यादी राखणारी जुनी सेवा त्याच पद्धतीवर विसंबून असल्याने तीही निकामी झाली. तिच्या जागी ‘डब्ल्यूएस-डिस्कव्हरी’ ही निराळी पद्धत आली. तीत यादीचा मुखत्यार नसतो. प्रत्येक संगणक आपल्या अस्तित्वाची इतल्ला स्वतः देतो आणि इतरांचा शोधही स्वतःच घेतो. इतल्ला देण्याचे काम ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ या सेवेकडे आणि शोध घेण्याचे काम ‘फंक्शन डिस्कव्हरी प्रोव्हायडर होस्ट’ या सेवेकडे असते. पहिली बंद असेल तर त्या संगणकाला इतर सर्व दिसतात, परंतु तो स्वतः कोणालाच दिसत नाही. हे लक्षण आढळले, की ‘सर्व्हिसेस’च्या खिडकीत जाऊन या दोन्ही सेवा विंडोजबरोबर आपोआप, थोड्या विलंबाने सुरू होतील अशी तजवीज करावी.

तपासाचा आरंभ मात्र याहून अलीकडे आहे. जो संगणक दिसत नाही त्याच्यावर ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा देऊन त्याचा पत्ता पाहावा. समजा, तो १९२.१६८.१.१२ आहे. मग दुसऱ्या संगणकावर फाईलींच्या खिडकीतील पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन तोच पत्ता टंकावा. सामायिक फोल्डर समोर उघडले, तर मार्ग निर्वेध आहे, दोष केवळ घोषणेचा आहे, आणि त्या फोल्डरचा शॉर्टकट करून कचेरीचे काम त्याच मिनिटाला सुरू करता येते. पत्त्याने उघडते पण नावाने उघडत नाही, असे असेल तर नावावरून पत्ता शोधण्याची पायरी नादुरुस्त आहे. दोन्हींनी उघडत नसेल तेव्हाच मार्गाकडे वळावे. इथे ‘पिंग’च्या मौनावर फार विसंबू नये, कारण विंडोजची फायरवॉल पुष्कळदा त्या हाकेला उत्तरच देऊ देत नाही.

पत्ता १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर राउटरकडून त्या संगणकाला पत्ता मिळालेलाच नाही आणि त्याने स्वतःच एक तात्पुरता घेतला आहे, असे समजावे. त्याहून फसवा प्रकार दोन राउटरांचा. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीची पेटी एक आणि कचेरीने पुढे विकत घेतलेला राउटर दुसरा. काही संगणक एकावर, काही दुसऱ्यावर. एकांचे पत्ते १९२.१६८.१ चे, दुसऱ्यांचे १९२.१६८.० चे. इंटरनेट सर्वांना मिळत असल्याने कोणाला शंका येत नाही. परंतु गावची दवंडी जशी वेशीपलीकडे ऐकू जात नाही, तशी ही घोषणा राउटर ओलांडून जात नाही. दुसऱ्या राउटरला पहिल्याच्या पत्तामालिकेतील मोकळा पत्ता द्यावा, त्याचे पत्ते वाटण्याचे काम बंद करावे आणि येणारी केबल त्याच्या ‘वॅन’ऐवजी ‘लॅन’ छिद्रात लावावी, म्हणजे सर्व संगणक एका नेटवर्कात येतात. पाहुण्यांसाठी राखलेल्या वाय-फायवर कर्मचाऱ्याचा लॅपटॉप जोडला गेला असेल, तरीही तो इतरांना बहुधा दिसत नाही.

नेटवर्क ‘पब्लिक’ असे नोंदले गेले असेल, तर विंडोज परस्परांचा शोधच थांबवते. कचेरीचे स्वतःचे नेटवर्क ‘प्रायव्हेट’ म्हणून नोंदवावे आणि फायरवॉल चालूच ठेवावी. संगणक दिसतो पण प्रवेश नाकारतो, ही तक्रार अगदी वेगळी होय. परवलीचा शब्द नसलेल्या खात्याला दुसऱ्या संगणकावरून प्रवेश करण्यास विंडोज मुळातच मनाई करते, म्हणून त्या खात्याला शब्द द्यावा, किंवा सामायिक फोल्डरापुरते स्वतंत्र खाते काढावे.

हे सर्व तपासण्याचा कंटाळा येऊन एसएमबी-१ पुन्हा चालू करण्याची मसलत कोणी दिली, तर ती मानू नये. त्याने यादी भरून येईलही. परंतु ज्या दारातून २०१७ चा उपद्रव शिरला ते दार आपण पक्षकारांच्या आणि ठेवीदारांच्या कागदपत्रांशेजारी उघडे ठेवलेले असेल. त्याऐवजी दप्तराच्या संगणकासाठी राउटरमध्ये कायमचा पत्ता राखून घ्यावा आणि प्रत्येक मेजावर त्याच पत्त्याचा शॉर्टकट ठेवावा. एसएमबी-१ वाचून ज्याचे स्कॅन फोल्डरात उतरत नाहीत असे एखादे जुने झेरॉक्सयंत्र पदरी असेल, तर त्याचे कागद ते बदलेपर्यंत पेनड्राईव्हवर घ्यावेत. त्या एका यंत्रासाठी साऱ्या कचेरीची सुरक्षितता पणाला लावू नये.