मण्यांवर मोजलेला श्वास

नवजात बाळाच्या छातीकडे एक मिनिट टक लावून बघायचं. बाळ शांत असताना श्वास साठ किंवा त्याहून जास्त भरले, तर न्यूमोनियाचा धोका. एक्स-रे नाही, स्टेथोस्कोप नाही, इतकी साधी ही परीक्षा! पण गडचिरोलीच्या खेड्यात बाळाजवळ असायची ती दाई, आणि अनेक दायांना साठपर्यंत मोजता येत नव्हतं.

डॉ. अभय बंग यांनी त्यावर काढलेला तोडगा मला आजही थक्क करतो. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी ओवलेले मणी, पाच हिरवे आणि एक लाल. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर बाळाला औषध हवं. दहापर्यंत मोजता आलं की पुरे. डॉक्टरांचं निदान दाईच्या हातात आलं.

डॉ. राणी आणि अभय बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तिथला दवाखानाही लोकांना विचारून बांधला. आदिवासींनी सांगितलं, मोठ्या इस्पितळाची भीती वाटते, नातेवाईकांना सोबत राहू देत नाहीत. म्हणून दवाखाना खेड्यासारखा उभा राहिला, आणि त्याला नाव मिळालं दंतेश्वरी देवीचं.

पण नवजात बाळ दवाखान्यात येणार कसं? बाळंतपण घरीच होई. बाळ-बाळंतीण खोलीत, दार लोटलेलं, गाव दूर आणि पावसाळ्यात वाट बंद. आजार तर काही तासांत बाळाला नेतो. त्या खोलीत वेळेवर पोचू शकणारी बाई गावातलीच असणार. म्हणून ३९ गावांतल्या, जेमतेम शाळा शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळ रडलं नाही तर फुगा-मास्कने श्वास द्यायचा, वजन करायचं, गार पडलं तर उबदार पिशवीत ठेवायचं, दूध ओढत नसेल तर आईला मदत करायची. जंतुसंसर्ग दिसला तर जेंटामायसिनचं इंजेक्शनसुद्धा त्याच देत. खेड्यातल्या बाईच्या हाती सुई देणं हे फार मोठं धाडस होतं, आणि माझ्या मते तेच निर्णायक ठरलं.

शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली तेव्हा तिसऱ्या वर्षी या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हा अभ्यास छापला. गरिबी होती तिथेच होती, रस्तेही तसेच. बदललं होतं ते एवढंच की बाळापाशी आता शिकलेले हात होते, आणि ते हात ओळखीचे असल्यामुळे घरच्यांनी दार उघडलं होतं.

२०११ मध्ये भारत सरकारने घरोघरी नवजात सेवेची ही पद्धत देशभरातल्या आशाताईंकडे सोपवली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडेही आशाताईने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येणं अपेक्षित आहे. तुमच्या गावात, वस्तीत बाळ जन्मलं असेल, तर ती आली का, हे जरूर विचारा. आणि बाळाने दूध सोडलं, अंग गार लागलं किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, तर तिची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा.