दुखणाऱ्या चकतीचा शोध

मणक्यांच्या चकतीतून उद्भवणाऱ्या जुनाट कंबरदुखीवर एक उपचार १९९०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत पुढे आला. त्यात सुईवाटे चकतीत बारीक तार सरकवून ती सुमारे ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात व चकतीच्या मागील कडेला उष्णता देतात, आणि 'इंट्राडिस्कल इलेक्ट्रोथर्मल थेरपी' असे त्याचे नाव आहे. केविन पॉझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपचाराची काटेकोर चाचणी घेऊन तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध केले. उपचाराचा गुण किती आला हे त्या अहवालात आहेच, परंतु त्यातील सर्वांत बोलके आकडे चाचणी सुरू होण्याआधीचे आहेत. चाचणीत भाग घेण्यास १३६० रुग्ण तयार होते. प्रत्यक्ष तपासणीनंतर त्यांतील २६० जण संभाव्य पात्र ठरले, आणि चकतीची अखेरची परीक्षा झाल्यावर केवळ ६४ उरले. कंबर सर्वांचीच दुखत होती. उपचार मात्र शंभरातील पाच जणांनाही लागू पडेल असे दिसले नाही. टाके न घालता किंवा अगदी लहान छेदातून होणाऱ्या उपचारांच्या जाहिराती आज सर्वत्र दिसतात आणि त्यांत यंत्राचे, लेसरचे, दुर्बिणीचे वर्णन भरपूर असते. पण उपचाराचा गुण यंत्रावर जेवढा अवलंबून असतो तेवढाच, किंबहुना अधिक, तो कोणावर केला यावर अवलंबून असतो, ही गोष्ट त्या वर्णनात क्वचितच येते.

चकती म्हणजे दोन मणक्यांमधील गादी. तिच्या मध्यभागी पाणी धरून ठेवणारा जेलीसारखा गर असतो, त्याभोवती चिवट तंतूंच्या थरांचे कडे असते आणि वर-खाली मणक्याला चिकटलेले कूर्चेचे पातळ पापुद्रे असतात. प्रौढ माणसाच्या चकतीच्या आतल्या भागात रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. पोषण या पापुद्र्यांतून झिरपत येते, आणि म्हणून एकदा झालेली इजा सहजी भरून निघत नाही. निरोगी चकतीत मज्जातंतूंची टोके कड्याच्या बाहेरच्या थरापुरतीच असतात. कड्याला आतून भेगा पडल्या की त्या भेगांमधून बारीक मज्जातंतू आत वाढतात, भोवती दाह निर्माण करणारी द्रव्ये साचतात आणि एरवी मुकी असलेली गादी स्वतःच दुखू लागते. हा झाला एक प्रकार. दुसऱ्या प्रकारात गर कड्याबाहेर येऊन शेजारच्या मज्जातंतूच्या मुळाला दाबतो किंवा चिडवतो, आणि कळ कमरेपेक्षा पायात, बहुधा गुडघ्याखाली, उतरते. लोक ज्याला 'सायटिका' किंवा 'नस दबली' म्हणतात ते हेच. पायात उतरणाऱ्या या दुखण्याचे मूळ चकतीत असू शकते, हे विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार या बोस्टनच्या शल्यविशारदांनी १९३४ साली दाखवून दिले. दोन्ही प्रकारांना बोलीभाषेत 'गादी सरकली' असे एकच नाव असले तरी त्यांचे उपचार अगदी वेगळे आहेत. दुर्बिणीतून गराचा तुकडा काढणे हा मुळाच्या दाबावरचा उपाय आहे, आणि ज्याची फक्त कंबर दुखते त्याला त्यातून फारशी आशा नसते. पात्रतेचा विचार म्हणूनच दुखणे कोठे आहे व कोठपर्यंत जाते या साध्या प्रश्नापासून सुरू होतो. कमरेचा वाटा मोठा की पायाचा, बसल्यावर आणि पुढे वाकल्यावर वाढते की उभे राहिल्यावर, खोकताना कळ जाते का, पायाचा अंगठा वर उचलता येतो का, चवड्यांवर चालता येते का, हे सारे यंत्राविना कळते.

काहींना या वाटेवर येऊच द्यायचे नसते, कारण त्यांच्या दुखण्यात थांबून चालत नाही. लघवी तुंबणे, शौचावरील ताबा जाणे, मांड्यांच्या आतील बाजूस व गुदद्वाराभोवती बधिरता येणे या लक्षणांचा अर्थ कण्याच्या खालच्या टोकाशी असलेल्या, घोड्याच्या शेपटीसारख्या दिसणाऱ्या मज्जातंतूंच्या जुडग्यावर दाब आला आहे, आणि तेथे तातडीची शस्त्रक्रियाच करावी लागते. पावलाची ताकद वेगाने कमी होत असेल तरीही विलंब चालत नाही. ताप, वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारी वेदना किंवा पूर्वी झालेला कर्करोग असेल तर शोध वेगळ्या दिशेने घ्यावा लागतो. भारतात या यादीत मणक्याच्या क्षयरोगाला ठळक स्थान हवे, कारण तो कित्येक महिने साध्या कंबरदुखीसारखा वागू शकतो, आणि अशा रुग्णाच्या चकतीत उष्णता देण्याचा विचार करणे म्हणजे मूळ रोगाच्या निदानाला उशीर करणे होय.

यानंतर काळाचा निकष येतो आणि तो रुग्णाला सर्वांत अवघड जातो. बाहेर आलेला गर शरीर स्वतःच शोषून घेऊ शकते. आश्चर्य असे की पूर्णपणे सुटून बाहेर पडलेला मोठा तुकडा लहानशा फुगवट्यापेक्षा अधिक वेळा नाहीसा होतो, कारण तो रक्तपुरवठ्याच्या संपर्कात येतो आणि शरीर त्याला परका समजून खाऊन टाकते. नेदरलँड्समध्ये सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका सोसणाऱ्या २८३ रुग्णांच्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले, लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांच्या पायाची कळ लवकर थांबली, परंतु वर्षअखेरीस दोन्ही गटांची स्थिती जवळजवळ सारखीच होती. मात्र थांबण्याच्या गटातील ३९ टक्के रुग्णांना त्या वर्षात शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, हेही विसरता येत नाही. सारांश, वाट पाहणे हाही विचारपूर्वक निवडलेला मार्ग आहे, आणि तो किती दिवस धरायचा हे वेदनेच्या तीव्रतेवर ठरते. निव्वळ चकतीच्या दुखण्यासाठी मात्र किमान सहा महिन्यांची मुदत बहुतेक चाचण्यांनी मानली आहे. त्या मुदतीत गोळ्या खाऊन पट्टा बांधून बसणे पुरेसे नसते. शिकवलेला व्यायाम खरोखर केला होता का, हे विचारले गेले पाहिजे.

एमआरआयविषयीचा गैरसमज इतका खोल आहे की त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. अहवालात चकतीची उंची कमी झाल्याचा किंवा फुगवट्याचा उल्लेख असला की 'मणक्यात गॅप आहे' असे घरोघरी सांगितले जाते आणि त्या एका शब्दावर अनेक रुग्ण वर्षानुवर्षे वाकायला घाबरतात. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कंबर न दुखणाऱ्या ९८ व्यक्तींचे एमआरआय काढले असता ५२ टक्के लोकांत किमान एका चकतीचा फुगवटा आढळला, २७ टक्के लोकांत चकतीचा भाग बाहेर डोकावत होता आणि सर्व चकत्या निर्दोष असलेले केवळ ३६ टक्के निघाले. पुढे २०१५ साली तीन हजारांहून अधिक वेदनारहित व्यक्तींच्या चित्रांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा विशीतील ३७ टक्के आणि ऐंशीतील ९६ टक्के व्यक्तींत झिजलेल्या चकत्या दिसल्या. केस पांढरे होतात तशीच ही झीज वयाबरोबर येते. चित्र दोषी चकतीकडे बोट दाखवू शकते, तिचा दोष सिद्ध करू शकत नाही, आणि केवळ चित्र पाहून पात्रता ठरवणारा वैद्य रुग्णावर नव्हे तर फिल्मवर उपचार करीत असतो.

तरीही एमआरआयमधील काही खुणांना वजन आहे. मायकेल मोडिक यांनी १९८८ साली चकतीलगतच्या हाडातील बदलांचे वर्णन केले. पहिल्या प्रकारात हाडात सूज व दाह दिसतो, दुसऱ्यात अस्थिमज्जेची जागा चरबी घेते आणि तिसऱ्यात हाड घट्ट होते. यांतील पहिले दोन प्रकार आणि जुनाट कंबरदुखी यांचा संबंध लक्षात आल्यावर मणक्याच्या मागील बाजूने आत शिरणाऱ्या बेसिव्हर्टेब्रल मज्जातंतूला रेडिओलहरींच्या उष्णतेने निकामी करण्याची पद्धत निघाली, आणि तिला अमेरिकेत २०१६ साली परवानगी मिळाली. तिचे पात्रतेचे निकष आवर्जून पाहण्यासारखे आहेत: वेदना किमान सहा महिन्यांची, तेवढाच काळ साधे उपचार करूनही न हटलेली, आणि कमरेच्या तिसऱ्या मणक्यापासून त्रिकास्थीच्या पहिल्या भागापर्यंतच्या पट्ट्यात मोडिकचा पहिला किंवा दुसरा बदल. या पद्धतीत आधी कोणाला निवडायचे ते ठरले आणि मग चाचणी झाली.

चकती दुखते की नाही हे थेट तपासण्याची एकच परीक्षा उपलब्ध आहे, आणि तीच सर्वांत वादग्रस्त आहे. डिस्कोग्राफी या नावाच्या, १९४८ साली स्वीडनच्या क्नुट लिंडब्लोम यांनी वर्णन केलेल्या या परीक्षेत चकतीत सुईने क्ष-किरणात दिसणारे द्रव्य दाबाने सोडतात आणि रुग्णाला विचारतात की उठलेली कळ रोजचीच आहे की वेगळी. रोजची कळ कमी दाबाला उठावी आणि शेजारची निरोगी चकती तशाच दाबाला शांत राहावी, असे दोन्ही घडले तरच निष्कर्षाला अर्थ येतो. शेजारची चकती तपासली नाही तर परीक्षा अपुरी राहते. पॉझा यांच्या चाचणीतील २६० जणांचे ६४ झाले ते याच टप्प्यावर. परंतु यूजीन कॅरागी व सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवले की सुई टोचलेल्या चकत्या दहा वर्षांच्या काळात न टोचलेल्यांपेक्षा अधिक झिजल्या, आणि मानसिक ताण मोठा असलेल्या व्यक्तींत ही परीक्षा खोटे उत्तरही देते. म्हणून ज्याच्या बाबतीत तिच्या निकालाने पुढील निर्णय बदलणार नाही अशा रुग्णावर ती करणे अन्यायाचे आहे. दोषी चकती शोधण्याआधी मणक्यांमागील लहान सांधे आणि कमरेचा त्रिकास्थी सांधा यांना बधिर करणारी इंजेक्शने देऊन तेथे वेदनेचा उगम नाही याची खात्री करणे, हा अधिक सौम्य क्रम आहे.

मन आणि परिस्थिती यांचा विचार पात्रतेत येतो तेव्हा अनेक रुग्ण दुखावतात, आणि ते साहजिक आहे, कारण 'तुमचे दुखणे मनाचे आहे' हे वाक्य त्यांनी फार वेळा ऐकलेले असते. येथे प्रश्न वेदना खरी की खोटी हा नसतो. हालचालीची भीती, खोल नैराश्य, झोप उडणे, नोकरी जाण्याची टांगती तलवार ही सारी वेदनेची तीव्रता वाढवतात आणि चकतीत कितीही कुशलतेने काम झाले तरी परिणाम झाकोळून टाकतात. त्यांवर आधी इलाज झाला तर आज अपात्र असलेला रुग्ण उद्या पात्र ठरू शकतो. धूम्रपान, आटोक्यात नसलेला मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधे, अंगात कोठेही असलेला संसर्ग, गर्भारपण ही कारणेही अशीच असून त्यांतील बरीच काळाने वा प्रयत्नाने दूर होतात. याउलट चकती पूर्ण खचलेली असणे, मणका पुढे घसरलेला असणे किंवा मज्जानलिका अरुंद होणे ही कारणे टिकाऊ आहेत, आणि त्यांना उष्णता किंवा सुई पुरी पडत नाही.

इतकी गाळणी लावूनही गुण निश्चित नसतो. पॉझा यांच्या चाचणीत सुमारे ४० टक्के उपचारितांची वेदना निम्म्याहून अधिक घटली, तर जवळपास अर्ध्यांना लक्षणीय लाभ झाला नाही. पुढच्याच वर्षी, २००५ साली, ऑस्ट्रेलियातील ५७ रुग्णांच्या अशाच चाचणीत उपचार आणि लटका उपचार यांत फरकच दिसला नाही. त्याआधीच्या एका पद्धतीचा अनुभवही संमिश्र होता. पपईच्या चिकापासून मिळणारे कायमोपापेन हे विकर चकतीत टोचून गर विरघळवण्याची पद्धत लायमन स्मिथ यांनी १९६३ साली माणसावर प्रथम वापरली. १९८२ साली अमेरिकेत तिला मान्यता मिळाली आणि हजारो रुग्णांना ती लाभलीही, पण तीव्र ॲलर्जी आणि मज्जारज्जूला झालेली दुर्मीळ पण भयंकर इजा यांमुळे ती मागे पडली व २००३ साली तिची विक्री थांबली. गर विरघळवण्याची कल्पना त्यानंतरही टिकून राहिली आणि २०१८ साली जपानने कॉन्डोलिएज या वेगळ्या विकराला ठरावीक प्रकारच्या रुग्णांसाठी परवानगी दिली.

पॉझा यांच्या यादीतील उरलेले जवळजवळ १३०० रुग्ण उपचारावाचून राहिले असे समजणे चूक ठरेल. पद्धतशीर व्यायाम, चालणे, वेदनेची भीती कमी करणारे समुपदेशन, कामाच्या जागेतील बदल आणि थोड्या काळापुरती योग्य औषधे यांची वाट त्यांना खुलीच असते. अपात्र ठरलेल्या रुग्णाला याच वाटेवरच्या पुढील भेटीची तारीख त्याच दिवशी दिली गेली पाहिजे. नाहीतर नकाराची चिठ्ठी हातात घेऊन तो कमी प्रश्न विचारणाऱ्या दुसऱ्या दवाखान्याच्या दारात उभा राहतो.