व्हिडिओ मिक्सिंगची उस्तवारी (लेखांक ९) : मेमरी संपली, पण कुठली?

मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरने ‘मेमरी अपुरी आहे’ असे सांगितले, की ती तक्रार तीनपैकी एका जागेची असते: कॉम्प्युटरची रॅम, ग्राफिक कार्डावरची स्वतंत्र मेमरी किंवा डिस्कवरची मोकळी जागा. संदेशाचे शब्द बहुतेक वेळा सारखेच असतात आणि त्यावरून जागा ओळखू येत नाही. लोहा, कंधार, अहमदपूर या पट्ट्यात ऐन लग्नसराईत मशीन अडले की पहिला सल्ला मिळतो तो रॅम वाढवण्याचा. तीनपैकी दोन प्रकारांत त्या खर्चाचा काहीच उपयोग होत नाही. म्हणून दुरुस्तीच्या आधी निदान हवे.

या आठवड्यात प्रॉक्सी फाइलींचा भाग यायचा होता. तो पुढच्या लेखांकात येईल, कारण लोह्याहून आलेल्या एका प्रश्नालाच अख्खा लेखांक लागणार आहे. प्रश्न असा: लग्नाचा तीन तासांचा प्रोजेक्ट आहे, १६ जीबी रॅम आणि ४ जीबीचे ग्राफिक कार्ड आहे. टाइमलाइन नीट चालते, पण एक्स्पोर्ट मध्येच थांबतो आणि मेमरीचा संदेश येतो. रॅम दुप्पट केली तरी फरक पडला नाही.

रॅम दुप्पट करूनही फरक पडत नाही, हीच निदानाची पहिली खूण. दुसरी खूण एक्स्पोर्ट कुठे थांबतो ही. टक्केवारीवर जाऊ नये. टाइमलाइनवरची वेळ कागदावर लिहावी आणि तोच एक्स्पोर्ट पुन्हा लावावा. दोन्ही वेळा एकाच ठिकाणी थांबला, तर दोष त्या ठिकाणच्या मालात असतो: एखादी क्लिप, फोटो किंवा इफेक्ट. दर वेळी वेगळ्या ठिकाणी थांबला, तर संशय रॅमवर, उष्णतेवर किंवा वीजपुरवठ्यावर जातो. तयार होणारी फाइल दर वेळी ठरावीक आकाराची झाली की थांबत असेल, तर प्रश्न डिस्कचा आहे. त्यानंतर थांबण्याच्या जागेच्या अलीकडचे आणि पलीकडचे अर्धे-अर्धे मिनिट इन आणि आउट लावून तेवढाच तुकडा एक्स्पोर्ट करावा. तुकडाही अडला तर गुन्हेगार त्या मिनिटातच आहे. तुकडा सुरळीत निघाला आणि पूर्ण प्रोजेक्ट मात्र अडला, तर मेमरी हळूहळू साचत जाऊन भरते आहे. या दोन चाचण्यांना थोडा वेळ लागतो, पण त्या वाचवतात ते आठवडे.

लोह्याच्या प्रोजेक्टमध्ये थांबण्याची जागा प्रत्येक वेळी तीच होती: परण्या आणि अक्षतांच्या मध्ये बसवलेला अल्बमच्या फोटोंचा भाग. इथे थोडे गणित करावे लागते.

डिस्कवर फाइल कितीही लहान असली, तरी पडद्यावर आणताना सॉफ्टवेअरला चित्र पूर्ण उलगडावे लागते. उलगडलेल्या चित्रातल्या प्रत्येक बिंदूला साध्या ८ बिटच्या पद्धतीत ४ बाइट लागतात. फुल एचडीच्या एका फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० बिंदू असतात. त्यांचे सुमारे ८.३ एमबी होतात. फोर-के फ्रेमचे, ३८४० गुणिले २१६० या मापाने, ३३ एमबी. ग्राफिक कार्डावर हिशेब ३२ बिटच्या फ्लोटिंग पॉइंट पद्धतीत चालतो, तेव्हा प्रत्येक बिंदूला १६ बाइट लागतात आणि तीच फोर-के फ्रेम १३३ एमबीची होते.

आता फोटो. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा फोटो ६००० गुणिले ४००० बिंदूंचा असतो. जेपेग म्हणून तो डिस्कवर दहाएक एमबी दिसतो. उलगडला की ९६ एमबी आणि ग्राफिक कार्डावर ३८४ एमबी. करिझ्मा अल्बमचे पान आणखी भारी. १२ गुणिले ३६ इंचांचे पान ३०० डीपीआयने बनवले, तर ३६०० गुणिले १०,८०० असे जवळजवळ ३ कोटी ८९ लाख बिंदू होतात. त्याचे साध्या पद्धतीत १५५ एमबी होतात, ग्राफिक कार्डावर ६२२ एमबी. एका पानातून दुसरे पान उमलण्याचा इफेक्ट असेल तर त्या क्षणी दोन पाने एकत्र लागतात, शिवाय मागे धूसर केलेली तिसरी प्रत, वर चमचमाट, आणि इफेक्टच्या मधल्या टप्प्यांतल्या प्रती. ४ जीबीच्या कार्डात हे बसत नाही. अल्बमची पानेच्या पाने व्हिडिओत वापरण्याची आपल्याकडची पद्धत सुंदर आहे आणि घरच्यांना ती आवडते. तरीही सॉफ्टवेअरवर याइतका भार फार थोड्या गोष्टी टाकतात. छापण्यासाठी सहसा ३०० डीपीआय ठेवतात. पडद्याला डीपीआयशी देणेघेणे नसते, त्याला फक्त बिंदूंची संख्या कळते.

उपाय सोपा आहे. फोटो टाइमलाइनवर आणण्याआधी लहान करावेत. फोटो हळूहळू जवळ आणायचा असेल तरी टाइमलाइनच्या दुप्पट रुंदी पुरते. एचडी प्रोजेक्टसाठी फोटो ३८४० बिंदू रुंद केला की ९६ एमबीचे ३९ एमबी होतात. करिझ्माचे पान तेवढ्याच रुंदीचे केले की १५५ एमबीचे जेमतेम २० एमबी. फोटोशॉपमधला इमेज प्रोसेसर अख्खे फोल्डर एका दमात लहान करून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि मूळ फोटो शाबूत राहतात. लेयर असलेली पीएसडी फाइल थेट टाइमलाइनवर टाकू नये. सपाट केलेली जेपेग घ्यावी. प्रीमियर प्रोमध्ये आणखी एक सोय आहे. प्रेफरन्सेसमधल्या मेमरीच्या पानावर रेंडरिंग ‘परफॉर्मन्स’साठी करायचे की ‘मेमरी’साठी, हे निवडता येते. मोठे फोटो असलेल्या प्रोजेक्टसाठीच ही दुसरी निवड आहे. काम सावकाश होते, पण शेवटाला जाते.

ग्राफिक कार्डाची मेमरी भरल्याची शंका असेल तर अंदाज बांधत बसू नये. विंडोज १० आणि ११ मध्ये टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्सच्या पानावर जीपीयूखाली ‘डेडिकेटेड’ मेमरीचा आलेख दिसतो. एक्स्पोर्ट अडतो त्या क्षणी तो आलेख टोकाला टेकला असेल, तर रॅम कितीही वाढवून उपयोग नाही. दाविंची रिझॉल्व्ह तर जीपीयूची मेमरी भरल्याचे स्पष्ट सांगते आणि टाइमलाइनचे रिझोल्यूशन किंवा करेक्टर कमी करायला सुचवते. रिझॉल्व्हमध्ये सर्वांत जास्त मेमरी खातो तो चित्रातले दाणे काढणारा नॉइज रिडक्शन, कारण त्याच्या एका प्रकाराला मागच्या-पुढच्या फ्रेमही एकाच वेळी हाताशी लागतात. रात्रीच्या वरातीच्या शूटिंगवर तो लावण्याचा मोह होतोच. तेवढ्या क्लिपा आधी वेगळ्या रेंडर करून तयार फाइल टाइमलाइनवर बसवावी. प्रीमियरमध्ये तपासासाठी प्रोजेक्ट सेटिंग्जमधला रेंडरर ‘सॉफ्टवेअर ओन्ली’ करून तोच तुकडा काढून पाहावा. तो निघाला, तर दोष ग्राफिक कार्डाकडे किंवा त्याच्या ड्रायव्हरकडे आहे हे नक्की.

जुन्या मशीनवर वेगळीच भिंत आडवी येते. ३२ बिटच्या सॉफ्टवेअरला विंडोजवर साधारणपणे २ जीबी मेमरीच वापरता येते, काही खास बनवलेल्यांना ६४ बिट विंडोजवर ४ जीबीपर्यंत. मशीनमध्ये १६ जीबी असले तरी त्याला ते दिसत नाहीत. प्रीमियर प्रो २०१० च्या सीएस ५ आवृत्तीपासून ६४ बिट झाले आणि लग्नाच्या मिक्सिंगमध्ये घराघरांत पोचलेले एडियस २०१३ च्या सातव्या आवृत्तीपासून. एडियस ६ वर अजून काम चालू असेल, तर लांब प्रोजेक्ट हळद, परण्या, लग्न, वरात असे वेगवेगळ्या प्रोजेक्टांत तोडणे हाच खरा मार्ग आहे.

आता रॅमकडे, म्हणजे खरे तर रॅम आणि पेजिंग फाइल (विंडोजने रॅमला जोड म्हणून डिस्कवर राखलेली फाइल) यांच्या बेरजेकडे. विंडोज प्रत्येक सॉफ्टवेअरला मेमरी देण्याचा शब्द देते आणि दिलेल्या सगळ्या शब्दांची बेरीज रॅम अधिक पेजिंग फाइल यांच्यापुढे जाऊ देत नाही. पंगतीत पाने मांडली की ती जागा अडली, जेवणारा अजून हात धुऊन आलेला नसला तरी. नव्या माणसाला पान मांडायला जागा उरली नाही, तर त्याला थांबावे लागते. मेमरीचेही तसेच आहे. म्हणूनच रॅम निम्मी मोकळी दिसत असताना ‘मेमरी संपली’ असा संदेश येऊ शकतो. पाहायचा आकडा टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर ‘कमिटेड’ या नावाने दिसतो आणि तो दोन भागांत असतो: किती शब्द दिले आणि मर्यादा किती. पहिला आकडा दुसऱ्याला भिडला की सॉफ्टवेअर कोसळते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमच्या नोंदींत २००४ क्रमांकाची नोंद सापडली, तर हेच घडले असे समजावे. सर्वाधिक मेमरी अडवणाऱ्या प्रोग्रॅमांची नावेही तिथेच लिहिलेली असतात. त्यात अनेकदा मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरसोबत ब्राउझरही असतो.

पेजिंग फाइल बंद केली की मशीन पळते, हा सल्ला मिक्सिंगच्या मशीनला घातक आहे. ती बंद करणे म्हणजे मर्यादा स्वतःच्या हाताने खाली आणणे. ती विंडोजच्याच ताब्यात ठेवावी. मात्र विंडोज तिला रॅमच्या तिपटीपर्यंत वाढू देताना आणखी एक अट घालते: ज्या ड्राइव्हवर ती आहे त्याच्या आठव्या भागापेक्षा ती मोठी होत नाही. असेंबल केलेल्या मशीनमध्ये सी ड्राइव्ह १०० जीबीचा पाडलेला असेल, तर पेजिंग फाइल साडेबारा जीबीवर अडते, आणि सी भरत आला असेल तर तेवढीही वाढत नाही. प्रीमियर आपल्या मीडिया कॅशच्या फाइली मुळात सी ड्राइव्हवरच ठेवते; काही लग्ने झाली की त्या डझनावारी जीबी होतात. कॅशची जागा दुसऱ्या एसएसडीवर हलवणे आणि हातावेगळ्या झालेल्या लग्नांच्या कॅश फाइली काढून टाकणे, या दोन कामांनी कितीतरी मशीन पूर्ववत होतात. नवी रॅम घेण्याआधी हे करायलाच हवे.

डिस्कचा दुसरा घोटाळा पेनड्राइव्हचा. घाईत थेट गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हवर एक्स्पोर्ट लावला आणि तो एफएटी ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असला, तर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जाऊच शकत नाही. सेकंदाला २० मेगाबिटच्या दर्जाने ही मर्यादा साधारण २८ मिनिटांत येते, १० मेगाबिटने ५७ मिनिटांत. फाइल नेहमी आतल्या डिस्कवर काढावी, नंतर एक्सफॅट केलेल्या पेनड्राइव्हवर उतरवावी.

मोबाइलवरच्या शूटिंगचा उल्लेख इथे हवा, कारण माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतले घोड्यांचे आणि गाढवांच्या बाजाराचे चित्रण असो की नातेवाइकांनी पाठवलेली हळद, माल आता मोबाइलचाच असतो. अशा फाइली बहुधा एचईव्हीसी पद्धतीने दाबलेल्या असतात आणि त्यांचा फ्रेमचा वेग क्षणोक्षणी बदलतो. एक फ्रेम उलगडायला तिच्या आजूबाजूच्या फ्रेमही धराव्या लागतात. अशा चार-पाच क्लिपा एकावर एक ठेवल्या की मेमरी झपाट्याने भरते. हँडब्रेकसारख्या मोफत साधनाने त्या आधी २५ फ्रेमच्या स्थिर वेगाच्या करून घ्याव्यात.

हे सगळे निस्तरूनही एक्स्पोर्ट दर वेळी वेगळ्याच ठिकाणी अडत असेल, किंवा निळा पडदा येत असेल, तर रॅमचा तुकडाच तपासायला हवा. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एक सूक्ष्म विद्युतभार असतो आणि तो गळत असतो. म्हणून साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत सगळा भार पुन्हा भरला जातो. चिपचे तापमान ८५ अंशांच्या पुढे गेले की गळती वाढते आणि हेच काम निम्म्या अवधीत करावे लागते. नांदेड-लातूर भागात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, नेमक्या लग्नांच्या दिवसांत, आणि बंद खोलीत रात्रभर रेंडर चालणाऱ्या कॅबिनेटमध्ये त्याहून कितीतरी अधिक उष्णता असते. धुळीने भरलेला पंखा साफ केला आणि कॅबिनेट भिंतीपासून दूर सरकवले, तरी काही मशीनांचे दुखणे थांबते.

चाचणीसाठी मेमटेस्ट ८६ पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरून मशीन सुरू करावे. मोफत आवृत्तीच्या चारही फेऱ्या पूर्ण होऊ द्याव्यात. रात्री लावले की सकाळी निकाल हाती असतो. एकसुद्धा चूक निघाली तर ती रॅम मिक्सिंगला चालणार नाही. मग मशीन बंद करून, वायर काढून, रॅमचे सोनेरी टोक स्वच्छ खोडरबराने हलके पुसावे आणि एका वेळी एकच तुकडा बसवून चाचणी पुन्हा घ्यावी. दोष तुकड्यात आहे की स्लॉटमध्ये, हे त्यातून उघड होते. वेगवेगळ्या कंपन्यांचे, वेगवेगळ्या वेगाचे तुकडे एकत्र बसवले असतील तर एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवण्याची बायॉसमधली सोय) बंद करून साध्या वेगावर तपासावे. जोडी जमत नसल्याने येणाऱ्या चुका तेवढ्यानेच नाहीशा होतात. चुका राहिल्याच, तर तुकडा बदलावा. अनेक कंपन्यांची रॅमवरची वॉरंटी बरीच लांबची असते, तेव्हा नवा घेण्याआधी जुने बिल शोधावे.