मोटारीतील पिवळा दिवा आणि प्राणवायूचे माप

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. तेथील परिवर्तकांत वितळलेल्या लोखंडावर प्राणवायूचा झोत सोडून त्यातील कार्बन जाळतात. कार्बन जळतो, पण थोडा प्राणवायू पोलादात विरघळून मागे राहतो आणि तो किती राहिला, हे कळणे आवश्यक असते. सुमारे सोळाशे अंश तापलेल्या अशा रसाची नाडी पाहण्यासाठी पोलादाच्या धंद्यात झिर्कोनियाची एक लहानशी नळी वापरतात. रसात बुडविताच काही क्षणांत ती माप सांगते आणि तेवढ्यात निकामीही होते.

हिचीच एक दीर्घायुषी बहीण पेट्रोलच्या मोटारीत इंजिनाचा धूर वाहून नेणाऱ्या नळीवर बसविलेली असते. तिला ऑक्सिजन सेन्सर म्हणतात. झिर्कोनिया हा चिनीमातीसारखा कठीण पदार्थ. तो तीनशे अंशांच्या वर तापला की त्यातून प्राणवायूचे विद्युत्‌भारित कण सरकू लागतात. एका बाजूस बाहेरची हवा व दुसऱ्या बाजूस धूर असला, तर दोहोंतील प्राणवायूच्या फरकामुळे वीजदाब निर्माण होतो. इंधन जास्त असेल तर धुरात प्राणवायू जवळजवळ उरत नाही आणि दाब ०.९ व्होल्टपर्यंत चढतो. हवा जास्त असेल तर तो ०.१ व्होल्टपर्यंत उतरतो. एक भाग पेट्रोलास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा, हे प्रमाण राखण्यासाठी मोटारीतील संगणक या खुणेवरून इंधन सतत कमीजास्त करीत असतो. १९७६ साली बॉश कंपनीने हा सेन्सर व्होल्वो मोटारीसाठी प्रथम पुरविला.

हिशेब जुळेनासा झाला की चालकासमोर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागतो. तो स्थिर असेल तर गाडी सावकाश कारागिराकडे नेता येते. तो उघडझाप करू लागला तर मात्र इंजिनात पेट्रोल न जळताच बाहेर जात आहे, असे बहुधा समजावे. ते पुढे धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळते व तो महागडा भाग वितळवू शकते. अशा वेळी गाडी थांबवावी हेच बरे.

यंत्र जोडले की संगणक एक सांकेतिक अंक देतो, आणि येथेच पुष्कळांची फसगत होते. समजा, अंक पी०१७१ आला. त्याचा अर्थ ‘मिश्रणात हवा जास्त आहे’ एवढाच. ‘सेन्सर बिघडला’ असा नव्हे. इंजिनात हवा नेणाऱ्या भागाशी जोडलेली एखादी रबरी नळी तडकली असेल, तर न मोजलेली हवा आत शिरते. सेन्सर तेच प्रामाणिकपणे सांगत असतो. त्यालाच काढून नवा बसविला तर पैसे जातात आणि काही दिवसांनी दिवा पुन्हा लागतो. खरे बोलणाऱ्या साक्षीदारालाच शिक्षा करण्याचा हा प्रकार! उलट, सेन्सरच्या अलीकडे धुराच्या नळीला भोक असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन त्याची साक्ष खोटी ठरते; पण त्यातही दोष त्याचा नसतो.

पी०१३५ हा अंक सेन्सरच्या तापकतारेविषयी असतो. तेथे प्रथम फ्यूज पाहावा, मग जोडणीच्या तारा, आणि नंतर तापकतारेचा रोध मीटरने मोजावा.

सेन्सरची स्वतःची परीक्षा सोपी आहे. इंजिन चांगले तापल्यावर जुन्या पद्धतीच्या सेन्सरचा दाब सतत वरखाली झाला पाहिजे. अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबल्यास तो चढावा, सोडल्यास शून्याजवळ यावा. तो मधेच अडकून राहिला किंवा फार आळसाने हलला, आणि नळ्या व तारा ठीक असल्या, तर सेन्सर बदलण्यास हरकत नाही. मात्र जुना काढल्यावर त्याचे टोक पाहावे. काळी काजळी जास्त इंधनाची खूण असते. जळलेल्या इंजिन ऑइलची राख, गळून आलेले कूलंट किंवा सिलिकॉनच्या लुकणाची वाफ यांनीही तो मरतो, आणि ते कारण तसेच राहिले तर नवाही त्याच वाटेने जातो.