केसाला कळते हवेतली ओल

पावसाळ्यात पापड सादळतात, मीठ पाझरतं, लाकडी खिडक्या फुगून अडकतात. ओल शोषून बदलणाऱ्या अशा पदार्थांनाच काटा जोडून माणसाने आर्द्रतादर्शक केले. रॉबर्ट हूकने 1665 साली ‘मायक्रोग्राफिया’त रानटी ओटच्या कुसळाचं उपकरण वर्णन केलं आहे. दमट हवेत कुसळाचा पीळ सुटतो, कोरड्या हवेत पुन्हा पडतो आणि त्याबरोबर काटा फिरतो.

1783 साली जिनिव्हाच्या ओरास-बेनेदिक्त द सोस्युरने माणसाचा केस वापरला. केस आधी धुऊन त्यातला तेलकटपणा पूर्ण काढावा लागतो. पूर्ण कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत आणला की तो दोन-अडीच टक्क्यांनी लांबतो. म्हणजे वीतभर केसाला जेमतेम चार-पाच मिलिमीटर. एवढीशी हालचाल तरफेने मोठी करून काट्याला दिली जाते. मात्र कोरड्या हवेत केस झपझप वाढतो आणि दमट हवेत रेंगाळतो. म्हणून तबकडीवरचे आकडे शंभराकडे दाटीने येतात.

वेधशाळांची जुनी पद्धत वेगळी. झडपांच्या पांढऱ्या पेटीत दोन तापमापक असतात, त्यांतल्या एकाच्या फुग्यावर ओली मलमल. बाष्पीभवनामुळे तो थंड होतो; हवा जितकी कोरडी, तितका फरक जास्त. कोरडा 30 अंश आणि ओला 25 अंश दाखवत असेल तर सापेक्ष आर्द्रता साधारण 67 टक्के, म्हणजे त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावते तिच्या दोन तृतीयांश. मलमल मळली किंवा सुकली की बाष्पीभवन मंदावतं आणि हवा आहे त्याहून दमट भासते.

बाजारातल्या स्वस्त घड्याळवजा आर्द्रतामापकात केस नसतो. त्यात बहुधा ओलीने ताणला जाणारा पापुद्रा लावलेली धातूची गुंडाळी असते आणि काटा सर्रास चुकतो. तो तपासायला मीठ पुरतं. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंब थेंब पाणी घाला. ओल्या वाळूसारखं झालं की थांबा, विरघळू देऊ नका. झाकण आणि मापक हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. आतली आर्द्रता 75 टक्क्यांवर स्थिरावते. मापक 68 दाखवत असेल तर तो सात टक्के मागे आहे. मागे स्क्रू असेल तर काटा जुळवा, नसेल तर पाठीवर ‘+7’ लिहून ठेवा. फार कोरड्या हवेत ही दुरुस्ती तंतोतंत लागू पडेलच असं नाही, पण बुरशीच्या भीतीने कॅमेरा किंवा पुस्तकं जपणाऱ्याला दमट टोकाचा आकडाच हवा असतो.