कापडावर नक्षी कशी उतरवावी?



भरतकाम शिकूं लागलेल्या मुलीला टाके लवकर साधतात; हात अडतो तो त्याच्या आधींच. नक्षी कापडावर वांकडी उतरली, तर टाके कितीही सुबक असोत, काम वांकडेंच दिसतें.

पहिल्या प्रयत्नासाठीं आपल्या पालघर जिल्ह्यांतील वारली चित्रें फार सोयीचीं. बोईसरहून उत्तरेस वाणगांव ओलांडलें कीं डहाणू लागतें. त्या तालुक्यांतील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना याच कलेसाठीं २०११ सालीं पद्मश्री मिळाली. वर्तुळ, त्रिकोण व चौकोन यांवरच हीं चित्रें उभीं असतात. गेरूच्या रंगाचें सुती कापड आणि पांढरा दोरा घेतला, म्हणजे भिंतीवरील तांदळाच्या पिठाच्या रेषांची आठवण होते.

कोऱ्या कापडांत खळ असते आणि पहिल्या धुण्यांत तें आटतें; नक्षी मागाहून आक्रसूं नये म्हणून कापड आधींच धुवावें, इस्त्री करावी व चौघडी घालून मध्य ठरवावा.

उदबत्तीनें भोकें पाडलेल्या कागदावरून रांगोळीचे ठिपके काढण्याची रीत आपल्याला ठाऊक आहे. भरतकामाचा खाका त्याच तत्त्वावर चालतो. पारदर्शक कागदावर चित्र गिरवून तो घडी केलेल्या कांबळ्यावर ठेवावा व रेषेवर सुईनें सुमारें दोन मिलिमीटर अंतरानें भोकें पाडावीं. तारप्याच्या नाचाच्या वळणावर तीं अधिक जवळ हवींत. माणसाच्या देहाचे दोन त्रिकोण कंबरेशीं मिळतात, तेथें एकच भोक असावें. नाहींतर कंबर नाहींशी होते. मग कागद उलटून वर आलेले कंगोरे बारीक काचकागदानें घासावे, म्हणजे भोकें मोकळीं होतात.

कागद टांचण्यांनीं पक्का करून गडद कापडावर खडूची व फिक्या कापडावर कोळशाची पूड पुरचुंडींतून हलकेच थोपटावी. कागद सरळ वर उचलावा, ठिपके पेन्सिलीनें जोडावे व उरलेली पूड झटकावी. टंकलेखनाचा कार्बन कागद वापरूं नये; त्याचे डाग सहसा जात नाहींत. पाण्यानें जाणाऱ्या शाईची लेखणी घेतल्यास धुण्यापूर्वीं इस्त्री फिरवूं नये. उष्णतेनें रेषा पक्की होण्याचा संभव असतो. कोणतेंही साधन आधीं कापडाच्या तुकड्यावर पारखावें. रेषेसाठीं दांडीटाका पुरे.

एक विवेक मात्र अवश्य राखावा. नाच, झाडें, पक्षी, शेतीचीं कामें खुशाल भरावीं. पण देवचौक हा लग्नप्रसंगीं सुवासिनींनीं लिहावयाचा, पालघाट देवीचा चौक आहे. पायपुसण्यावर वा मेजाच्या आच्छादनावर त्याला जागा देऊं नये. दुसऱ्याच्या घरची नक्षी उचलतांना तिचा मानही सांभाळला पाहिजे.